लोखंडे मॅडमचे मणी

भेंडी चिरायला घेतली की लोखंडे मॅडम हातातलं काम टाकून ओट्याशी येत. चिरलेल्या भेंडीची तार अंगठा आणि पहिल्या बोटात धरत आणि बोटं हळूहळू लांब करत. तार तुटेपर्यंत बघत राहत. तुटली की म्हणत, "कालच्यापेक्षा कमी गेली. जून हाय भेंडी." मग हात न धुता तशाच आतल्या खोलीत जाऊन काहीतरी लिहून येत. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं होतं, एकटं राहून राहून बाईचं डोकं जरा फिरलं असावं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. दोन वेळच्या पोळ्या, एक भाजी, वरण. घर परभणीत, वरच्या मजल्यावर. खालचे मालक लेकाकडे राहायला गेलेले, त्यामुळे खाली कायम कुलूप. बाहेरून दगडी जिना, सोळा पायऱ्या, आणि जिन्याला लागून कडुलिंब. या पायऱ्यांचं पुढे काम पडणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी गेले तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं होती. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझा माणूस मला सोडून का गेला, हे त्यांनीही कधी विचारलं नाही. दोघींचं यावर बरं जमलं. मी तशीही कमी बोलते. पेडगावच्या शाळेत चौथीपर्यंत होते, तेव्हा गुरुजींनी नाव घेतलं तरी माझं पोट दुखायचं. मॅडमकडे पहिले सहा महिने माझं बोलणं म्हणजे "मीठ बघा" आणि "येते".

घरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर मॅडम बसत, दुसरीवर वह्यांचा ढीग असे. जेवण मात्र उभ्यानं, ओट्याशी. मी एकदा ताट खाली पाटापाशी वाढलं तर म्हणाल्या, "नको गं. बसून जेवलं की समोर कुणी न्हाई ते दिसतं. उभ्यानं दिसत न्हाई." हे त्या अगदी हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या आणि वरण मागितलं.

वर्षातून दोनदा, चौदा एप्रिलला आणि दसऱ्याच्या दिवशी, पांढरी साडी नेसून विहारात जात. सगळ्यांच्या मागे बसत आणि संपलं की लगेच निघत. येताना माझ्यासाठी स्टीलच्या डब्यात खीर आणत. स्वतः खाल्ली का विचारलं तर म्हणत, "तिथं लय गर्दी होती." गर्दीत खीर खाता येत नाही असं काही नसतं. पण मलाही गर्दीत घास उतरत नाही, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मण्यांची ओळख मला माझ्या चुकीनं झाली.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मॅडम चुडाव्याला गेल्या होत्या. ते त्यांचं गाव. चुलतभाऊ वारल्याचा फोन आला तशा घाईनं निघून गेल्या, तीन दिवस झाले तरी आल्या नव्हत्या. चावी माझ्याकडे होती. परत येतील तर उपासाचं काही करून ठेवावं म्हणून मी साबुदाणा भिजत घालायला गेले. मॅडम शिवरात्र धरत नाहीत हे मला माहीत होतं, पण मी धरते आणि त्या माझ्या हातची खिचडी खातात. भांडं शोधताना फळीवरचा, वापरात नसलेला पोळ्यांचा गरम राहणारा डबा उघडला तर आत वाटी, वाटीत पाणी, पाण्यात साबुदाणा. तोही लाल. मला वाटलं मॅडमनी आधीच भिजवला आणि तो नासला. मी वाटी मोरीत ओतली, डबा घासला आणि उन्हात ठेवला.

संध्याकाळी मॅडम आल्या. चप्पल काढायच्या आधी डबा बघितला. "कांता, ह्यातली वाटी?"

मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मोरीपाशी गेल्या, वाकून जाळीकडे बघितलं. मग खुर्चीवरच्या वह्या खाली ठेवल्या. त्या खुर्चीवर मी कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं. मला म्हणाल्या, "बस."

मी बसले.

"टाकलं तवा पाण्याचा रंग कसा होता?"

"पाण्याला रंग नव्हता. साफ होतं. दाणे तेवढे लाल. म्हणून तर नासलं वाटलं."

"जरासी तरी लाली? गुलाबी?"

"न्हाई मॅडम. प्यायच्या पाण्यासारखं."

"नक्की?"

"माझ्या गळ्याची शप्पथ."

"शप्पथ नको. आठव."

मी डोळे मिटून आठवलं. मोरीचा दगड पांढरा आहे. पाणी त्यावरून गेलं तेव्हा दगड पांढराच होता. मी तसं सांगितलं. मॅडमनी परत एकदा मोरीकडे बघितलं. मग एकदम हसल्या. एवढ्या दिवसांत त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. "कांता, नऊ दिवस. नऊ दिवस त्यानं रंग धरून ठिवला, अन् बघायला कोण होतं, तर तू. अन् तू फेकून दिलंस."

त्यांनी वही आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "लिही. पाणी साफ होतं. मोरीचा दगड पांढरा राहिला. खाली सही कर."

चौथी सोडल्यावर सहीशिवाय मी काही लिहिलं नव्हतं. ती दोन वाक्यं लिहायला मला इतका वेळ लागला की मध्ये त्यांचा चहा करून, पिऊन झाला.

त्या दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं. जमेल तसं लिहिते. भेंडीची तार, बाभळीचा डिंक, गवारीच्या बियांचं पीठ, प्लॅस्टिकची पिशवी, या सगळ्यांना एकच नाव, पॉलिमर. बारीक बारीक एकसारखे मणी ओवून केलेली लांब माळ, एवढाच त्याचा अर्थ. मॅडम गवारीच्या पिठात आणखी दोन-तीन गोष्टी घालून त्याचा साबुदाण्याएवढा दाणा करायच्या आणि त्याच्या पोटात लाल रंग भरायच्या. रंग औषधाच्या जागी. कॅन्सरचं एक औषध अगदी असंच लाल असतं, पण ते घरात आणायचं नसतं. ती कामं कॉलेजात, हातमोजे घालून. घरी फक्त रंग.

"औषध चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "गाठ मारतं. पण त्याला फक्त गाठ कळत न्हाई. केस मारतं, तोंड मारतं, काळीज मारतं. म्हणून त्याला दाण्यात कोंडायचं. वाटेत तोंड उघडायचं न्हाई. गाठीपाशी गेल्यावरच उघडायचं."

"दाण्याला गाठ कशी कळंल?"

हा प्रश्न मी विचारला याचं मलाच नवल वाटलं. मॅडम उठल्या, दोन वाट्या घेतल्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत चिंचेचा कोळ घातलेलं. दोन्हीत एकेक लाल दाणा टाकला. मिठाच्या पाण्यात दाणा नुसता पडून राहिला. चिंचेच्या पाण्यात थोड्या वेळानं त्याच्याभोवती लाल धूर निघाल्यासारखा झाला. "गाठीच्या आजूबाजूचं पाणी आंबट असतं. चिंचेएवढं न्हाई, जरासंच. तेवढ्या जराशा आंबटावर त्यानं ओळखलं पाहिजे. एवढंच काम हाय. ह्याच्यात वीस वर्षं गेली."

मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. आईला गाठ झाली तेव्हा मॅडम नोकरीला नव्या होत्या. आईच्या तोंडाची आतून सालटी गेली, पेजेचा घोट उतरेना. अंगणात बाजेवर पडून ती म्हणाली होती, "निर्मला, तुझ्या औषधाला गाठ कंची अन् मी कोण, एवढंबी कळंना व्हय गं?" पाचव्या डोसाला डॉक्टरांनी बंद केलं, शरीर झेपेना म्हणून. सहा महिन्यांनी गाठ परत आली. हे सांगताना मॅडम चिंचेची वाटी विसळत होत्या. ती विसळून झाली तरी विसळतच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या बघायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी आल्याबरोबर आणि संध्याकाळी निघताना. वहीचा त्यांचा नियम होता. डाव्या पानावर जे दिसलं ते. उजव्या पानावर जे वाटलं ते. "दोन्हीची सरमिसळ झाली की वही रद्दी," म्हणायच्या. माझ्या वहीचं उजवं पान नेहमी कोरं असायचं. त्या म्हणायच्या, "तुला काहीच वाटत न्हाई का गं?" मी म्हणायचे, "वाटतं. पण लिहिण्याएवढं न्हाई." हा आमचा जवळजवळ रोजचा विनोद होता.

उन्हाळ्यात डब्याची गरज नसायची. औषधाचे दाणे अंगाएवढ्या उबेत ठेवून बघावे लागतात. "पुण्या-मुंबईच्या लोकांना त्याच्यासाठी मशीन घ्यावं लागतं," मॅडम वाटी खिडकीत ठेवत म्हणायच्या. "आपल्याला मे महिना हाय."

या कामाचं पुढे काय झालं, असं मी एकदाच विचारलं. उंदरांवर झालं होतं म्हणे. एका मासिकात छापून आलं होतं, त्यात सहा नावं होती आणि यांचं चौथं. पुढे न्यायला मोठी जागा लागते, मोठी माणसं लागतात. रिटायर झाल्यावर कॉलेजातली खोली गेली. नव्या माणसानं कपाट रिकामं करून खोक्यात भरून दिलं. ते खोकं मी आणि रिक्षावाल्यानं सोळा पायऱ्या चढवून वर आणलं. मॅडम रिकाम्या हातानं मागून आल्या आणि खोकं कुठं ठेवायचं ते दोन दिवस ठरवू शकल्या नाहीत.

गाठ त्यांना त्यांच्याच हाताला लागली. आंघोळ करून आल्या, केस पुसता पुसता म्हणाल्या, "कांता, आता मीच वाटी." मला समजलं नाही. मग त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. सात वर्षांत त्यांनी मला लावलेला पहिला हात तो. गवारीच्या दाण्यापेक्षा खूप मोठी होती.

ऑपरेशन झालं. मग नांदेडला औषधाच्या बाऱ्या सुरू झाल्या, दर तीन आठवड्यांनी. बरोबर कोण, हा प्रश्न आला. भावाची मुलगी पुण्याला, तिची नोकरी. मॅडम म्हणाल्या, "तुला गर्दीत नको वाटतं, मला माहितंय. नसंल जमत तर सांग." मी म्हटलं, "वाट्या बघायला मीच असते ना."

सकाळच्या गाडीनं जायचो. पूर्णा सोडलं की मॅडम खिडकीकडे तोंड करून बसायच्या. चुडावा आलं की गाडी थांबत नाही, नुसती पाटी दिसते आणि जाते. पाटी जाईपर्यंत त्या बघायच्या आणि मग पिशवीतला डबा उघडून मला म्हणायच्या, "खा. पुढं दवाखान्यात तुझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

औषध खरंच लाल होतं. वाटीतल्या रंगासारखंच, अगदी तेच. सिस्टर वयानं लहान, गोड बोलायची. मोठ्या सिरिंजमधून हळूहळू औषध सोडताना तिनं मॅडमना समजावलं, "मावशी, हे औषध ना, आपल्या शरीरात जाऊन वाईट पेशी मारतं. पण थोडं चांगल्या पेशींनाही लागतं. घाबरायचं नाही."

"असं व्हय," मॅडम म्हणाल्या.

"तोंडात बर्फ धरा, म्हणजे तोंड येणार नाही."

"बर्फानं कसं काय?"

"गारव्यानं तिथलं रक्त कमी होतं मावशी, मग औषध तिकडं कमी जातं."

"हुशार हाय गं तू," मॅडम बर्फ तोंडात धरून म्हणाल्या. सिस्टर खूष झाली. येताना गाडीत मी म्हटलं, "सांगायचं की तिला, तुम्ही कोण ते." मॅडम म्हणाल्या, "कशाला? बरोबर सांगायली होती. अन् मला कुणी समजावून सांगितल्याला लय दिवस झाले."

घरी आल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली. वाटीसारखंच त्यांचं लिहायचं. जीभ, नखं, किती खाल्लं, किती पडलं, आणि पायऱ्या. त्या लाल औषधाची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ते काळजाला थकवतं. काळीज थकलं की आधी पायऱ्यांवर कळतं.

पहिल्या बारीला सोळा पायऱ्या एका दमात. दुसऱ्या बारीनंतरही तसंच. तिसऱ्या बारीनंतर एक दिवस त्या सातव्या पायरीवर थांबल्या. कडुलिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. मी खालून पिशवी घेऊन येत होते. "काय बघायल्यात?" विचारलं तर म्हणाल्या, "पोपट." मी बघितलं. पोपट नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचव्या पायरीवर चपलेचा पट्टा बघितला. तिसऱ्या दिवशी पाचव्यावर आणि अकराव्यावर, पदराची पिन. मी लिहीत गेले. मॅडम आता वही वाचत नव्हत्या. माझ्या वहीवर त्यांचा भरवसा होता, किंवा त्यांना वाचायचं नव्हतं. हे मी उजव्या पानावर लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही.

चौथ्या बारीच्या आधी काळजाचा फोटो निघाला. डॉक्टर तरुण, घाईत. म्हणाले, "रिपोर्ट थोडा कमी आलाय, पण चालण्यासारखा आहे. तुम्हाला कसं वाटतं त्यावर ठरवू. जिना चढताना दम लागतो का?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"पाय सुजतात?"

"न्हाई. एकदम ठीक हाय."

मी दारापाशी उभी होते. मला खुर्ची दिली होती तरी मी उभीच होते. वही पिशवीत होती. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या पेनकडे बघत होत्या. मला पेडगावची शाळा आठवली, गुरुजींनी नाव घेतलं की दुखायचं ते पोट आठवलं. इथे तर माझं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. पण मिठाच्या पाण्यात रंग सुटायला लागला आहे आणि मी पाणी साफ लिहायचं, हे कसं करायचं? मी पुढे जाऊन वही टेबलावर ठेवली, उघडून. बोट ठेवलं फक्त.

डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं. "सातव्या पायरीवर थांबल्या. कडुलिंबाकडे बघितलं. पोपट म्हणाल्या. पोपट नव्हता." ते हसले. मग पुढची ओळ वाचली, मग पान उलटलं, आणि हसायचे थांबले. "हे कुणी लिहिलं?"

मी परत दारापाशी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, असं लपवून चालत नाही. हे औषध मी आज देणार नाही."

मॅडमचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. "तुम्ही मधीच बंद करणार," त्या म्हणाल्या. "मधीच बंद केलं की ते परत येतं. मी बघितलंय."

"बंद नाही करत. याच औषधाची झाकलेली जात आहे. चरबीच्या एकदम बारीक गोळीत औषध असतं, आणि बाहेरून..."

"बाहेरून पॉलिमरच्या दोऱ्या," मॅडम म्हणाल्या. "केसांसारख्या. म्हणजे शरीर त्याला पकडत न्हाई, अन् काळजात कमी शिरतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"वीस वर्षं तेच करायले होते मी."

"मग आधी सांगायचं ना."

"तुम्ही दम लागतो का एवढंच विचारलं."

त्या दिवशी औषध न घेता आम्ही परत निघालो. चुडाव्याची पाटी आली आणि गेली. मॅडम समोरच्या बाकाकडे बघत होत्या. पूर्णा गेल्यावर म्हणाल्या, "वही दाखव म्हणून तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच. शप्पथ नको, आठव, म्हणाला होता."

त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोळ्या खाल्ल्या, ताट ठेवलं. पाचव्या दिवशी भेंडी होती. त्या ओट्याशी आल्या, तार धरली, लांब केली. "आज लय लांब गेली," म्हणाल्या. मी म्हटलं, "कवळी हाय." एवढ्यावर मिटलं.

झाकलेलं औषध आलं तेव्हा मॅडमनी सिस्टरकडून बाटली मागून घेतली आणि उजेडाकडे धरली. आतून धुरकट लालसर दिसत होतं. खूप वेळ बघत होत्या. बाटलीवर कुठल्यातरी लांबच्या कारखान्याचं नाव. "दुसऱ्या कुणाचं तरी हाय," म्हणाल्या. मग डोक्यावरचा रुमाल सारखा करून हसल्या. "माझे केस गेले, अन् औषधाला केस आले."

पायऱ्या हळूहळू सुधारल्या. पाचवी, नववी, बारावी. पण हाताला काहीतरी व्हायला लागलं. तळहात आणि तळपाय लाल झाले, फुगले, मग कांद्यासारखी सालं निघायला लागली. गरम भांडं धरता येईना, चपाती मोडता येईना. मॅडमना याचं आश्चर्य वाटलं नाही. "हे त्याचं ठरलेलं हाय. काळीज सोडलं की ते हातापायात उतरतं. विष कुठंतरी बसणारच, कांता. आपण फक्त जागा बदलून देतो." मी घास करून त्यांच्या हातावर ठेवायचे. भरवू का विचारायची माझी हिंमत झाली नाही, भरव म्हणायची त्यांची झाली नाही.

नवी कातडी आली ती गुळगुळीत, गुलाबी. बोटांवर रेषाच नव्हत्या. हे कळलं नोव्हेंबरात, पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो तेव्हा. बँकेत मशीनवर अंगठा ठेवायचा. मॅडमनी ठेवला. मशीननं नाही म्हटलं. पुसून ठेवला. दुसरं बोट, तिसरं बोट, दोन्ही हात.

"मावशी, येईना झालं तुमचं," काउंटरवरचा म्हणाला. "बोटं झिजली का?"

"मग मी हाय की न्हाई, कसं ठरवायचं?"

"हायेत की समोर. पण मशीनला दिसंना तर मी काय करू? डोळ्याच्या मशीनवर घेऊ. बसा जरा, ते मशीन साहेबाच्या कपाटात हाय."

बाकावर बसून मॅडम खांदे हलेपर्यंत हसल्या. रांगेतली माणसं बघायला लागली तरी हसत होत्या. डोळ्यावर काम झालं. जिना चढून वर आल्यावर म्हणाल्या, "लिही. मशीनला मी दिसले न्हाई."

"डावीकडं का उजवीकडं?"

त्यांनी विचार केला. "डावीकडं."

त्यानंतरचं दीड वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. केस आले, आधीपेक्षा कुरळे. दाणे करायला परत सुरुवात केली. पण बोटांना तार कळत नव्हती. कोवळी कुठली, जून कुठली, नव्या कातडीला काहीच कळेना. मग तार मी धरायची आणि त्या बघायच्या. "तोड नको, तोड नको, अजून जाईल," असं कानाशी म्हणत राहायच्या.

मग पाठ दुखायला लागली, आणि या खेपेला फोटोत हाडं दिसली. पुण्याची भाची आली. चांगली मुलगी, हळू बोलणारी. ती म्हणाली, आत्या, आता तिकडंच चल. मॅडम लगेच हो म्हणाल्या. मला वाटलं होतं नको म्हणतील. दोन दिवसांत घर आवरलं. खोक्यातलं काहीच नेलं नाही. दुसऱ्या खुर्चीवरच्या वह्या माझ्याकडे दिल्या, मागच्या बाजूला कोरी पानं आहेत म्हणून. मी हे त्याच पानांवर लिहिते आहे.

त्या गेल्याचं मला फोनवर कळलं. भाचीनं सांगितलं, त्रास झाला नाही, पेज शेवटपर्यंत पोटात जात होती. ते मी बघितलेलं नाही, म्हणून डाव्या पानावर घेतलेलं नाही. मी शेवटचं जे बघितलं ते परभणीच्या स्टेशनवरचं.

गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. पूल चढून जायचं होतं. भाची म्हणाली, आत्या, चाकाची खुर्ची मागवते. मॅडम म्हणाल्या, "खामखा कशाला." मला म्हणाल्या, "तू इथंच थांब. तिकडं लय गर्दी असते." मी थांबले. भाची बॅगा घेऊन पुढे, मॅडम कठड्याला धरून मागे. मी खाली उभी राहून मोजायला लागले. मोजायचं ठरवलं नव्हतं, सवयच झाली होती.

सहाव्या पायरीवर थांबल्या. चपलेचा पट्टा बघितला. अकराव्यावर थांबल्या. वर लावलेली गाड्यांची पाटी बघितली, पाटी बंद होती. पंधराव्यावर थांबल्या, आणि या वेळेला काहीच बघितल्यासारखं केलं नाही. कठडा धरून, तोंड उघडं ठेवून, सगळ्या लोकांच्या देखत नुसता दम घेतला. लोक बाजूनं चढत होते. मग वळल्या आणि खाली मला शोधलं. मी दिसल्यावर एक हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून, आणि ती बोटं हळूहळू लांब केली.

अजून जाईल, असं मला ओरडून सांगता आलं नाही. मी पिशवीतली वही काढून वर धरली, त्यांना दिसेल अशी.

मग त्या वळल्या आणि राहिलेल्या पायऱ्या चढल्या. एकूण बत्तीस. तीनदा थांबल्या. डाव्या पानावर एवढं आहे.

उजव्या पानावर मी तारीख घातली आहे. पुढे अजून लिहिलेलं नाही.